बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

बाळंतपण म्हणजे आपल्याकडे साऱ्या घराचा सोहळा. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरची वाट, पाचवीची पूजा, बाराव्या दिवशी बारसे. शेक-शेगडी, बाळंतकाढा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांत काही कमी पडू नये म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका राबत असतात. एवढा गोतावळा भोवती असताना बाळंतिणीला एकटेपण कुठले, असे कुणीही विचारील. पण गर्दी निराळी आणि सोबत निराळी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या वहिनीला दुसरी मुलगी झाली, तेव्हा महिनाभर घरात पाहुण्यांची रीघ होती. ‘वजन किती?’, ‘कुणासारखी दिसते?’, ‘असू दे, पुढच्या खेपेला मुलगा होईल!’ पुढे कधीतरी वहिनी मला म्हणाली, “सगळे बाळाला बघायला आले गं. मला बघायला तेवढ्या शेजारच्या काकू आल्या.” त्या काकू बाळाला मांडीवर घेत आणि तिला म्हणत, “तू नीज तासभर. उठलीस की बोलू.”

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस डोळे भरून येणे पुष्कळ जणींना होते आणि ते आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, बाळाकडे पाहावेसेच वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्याला ‘नखरे’ किंवा ‘दृष्ट’ म्हणून कसे चालेल?

हे दुखणे परदेशातले नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणे दिसली. या मातांच्या बाळांचे वजन, उंची आणि बौद्धिक वाढही सहाव्या महिन्यात मागे पडलेली होती. म्हणजे आईचे मन ही बाळाच्या प्रकृतीचीच बाब झाली.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी गावांत ‘एकजूट’ संस्थेने बायकांचे गट बांधले. दर महिन्याला एकत्र बसायचे, गोष्टी सांगायच्या, अडचणी मांडायच्या आणि मिळून तोड काढायची. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्यही निम्म्याहून अधिक कमी झाले. हे घडले ते बायका एकमेकींजवळ बसल्या म्हणून!

मग आपण काय करावे? बाळ बघायला जाल तेव्हा झबल्या-टोपड्याबरोबर आईसाठी तासभर वेळही न्या. ‘तू कशी आहेस?’ हे विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. मुलगी झाली म्हणून सांत्वन करू नका. नवऱ्याने रात्रीची एक पाळी आपल्याकडे घ्यावी. त्यात कमीपणा नाही. आणि उदासी लांबली तर डॉक्टरांना विनासंकोच दाखवा. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

ओटी भरताना नारळ-तांदूळ घालतोच. त्याबरोबर थोडी सोबतही घालू या.