ताशेरे म्हणजे झापणे नव्हे

न्यायालयाने सरकारला झापले, फटकारले, खडसावले. मराठी बातम्यांत रोज कुणाचे तरी कान उपटले जातात आणि सगळ्याची बेरीज ‘ताशेरे ओढले’ अशी होते. माझा आक्षेप या बेरजेला आहे.

‘ताशेरे’ आपण ‘स्ट्रिक्चर’साठी वापरतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ आवळणे. मूत्रमार्ग अरुंद झाला की डॉक्टरही हाच शब्द वापरतात. न्यायालयीन व्यवहारात स्ट्रिक्चर म्हणजे निकालपत्रात नोंदलेला ठपका. तो नोकरीला चिकटतो, बढती अडवू शकतो. म्हणून तो पुसून घेण्यासाठी लोक वरच्या न्यायालयात जातात.

अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. आनंद नारायण मुल्ला यांनी एका निकालात लिहिले, की गुन्ह्यांच्या बाबतीत देशातली कुठलीही टोळी पोलिसांच्या जवळपास पोचत नाही. उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६३ साली ते शेरे काढले गेले आणि तीन कसोट्या ठरल्या : ज्याच्यावर ठपका, त्याला बाजू मांडायची संधी मिळाली का? ठपक्याला पुरावा आहे का? निकालासाठी तो ठपका आवश्यक होता का?

आता २०२१. निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल व्हायला हवा, असे मद्रास उच्च न्यायालय सुनावणीत म्हणाले. आयोगाने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ते बोल कठोर ठरवले. पण ते तोंडी होते, आदेशात नव्हतेच, मग काढायचे काय?

याच निकालाने तोंडी शेरे छापण्याचा माध्यमांचा हक्कही मान्य केला. तो हवाच. पण हक्क छापण्याचा आहे, तोंडी शेऱ्याला ठपका म्हणून खपवण्याचा नाही.

‘वाचकाला काय फरक पडतो?’ पडतो. दहा वेळा ‘ताशेरे’ वाचून काहीच घडले नाही, की अकराव्या वेळचा खरा, लेखी, पुराव्यानिशी ठपकाही तो तसाच सोडून देतो. याचा फायदा ठपका बसलेल्या अधिकाऱ्यालाच होतो.

माझ्या धंद्यात दुसऱ्याचा कोड तपासताना ‘हे भंगार आहे’ याला शेरा म्हणत नाहीत. कुठली ओळ, काय चुकले, कशावरून, हे लिहावे लागते. न्यायाधीशांच्या शेऱ्यांची बातमी देणाऱ्यांकडून मी याहून कमीच मागतोय. एवढेच सांगा : तोंडी की लेखी?