रस्ता नव्हे, किसणी!

रविवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तर एक गंमत हमखास बघायला मिळते. खंबाटकीचा घाट जवळ आला की मागून धडधड आवाज येतो आणि मोठमोठ्या मोटरसायकलींचा ताफा शेजारून पुढे जातो. गाडीवरची माणसं नखशिखांत झाकलेली! जाडजूड जाकीट, गुडघ्यांवर ढाली, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट आणि तोंडसुद्धा दिसणार नाही असं हेल्मेट. एसटीतलं एखादं पोरगं ओरडतं, "अंतराळवीर चालले!" आणि सगळे खो खो हसतात.

हसा की. पण त्याच घाटात आणखी एक चित्र दिसतं. बाबा गाडी चालवताहेत. हेल्मेट आहे, पण ते आरशाला अडकवलंय, पोलीसमामा दिसले की डोक्यावर चढवायला. टाकीवर धाकटा भाऊ, मागे तुम्ही, तुमच्यामागे आई, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. सगळ्यांच्या पायांत चपला. याला मात्र कुणी हसत नाही, कारण ते रोजचंच.

आता रस्त्याच्या बाजूनं विचार करा. पहिला ताफा हौशी फिरस्त्यांचा आहे आणि दुसरी मंडळी फक्त मावशीकडे चालली आहेत, हे रस्त्याला कळतं का? डांबर दोघांनाही सारखंच लागतं. मग ते 'अंतराळवीर' एवढा जामानिमा कशासाठी करतात, ते आज एकेक करून बघू या.

सुरुवात अर्थातच डोक्यापासून. त्यासाठी १९३५ सालच्या इंग्लंडात जावं लागेल. टी. ई. लॉरेन्स हे नाव तुमच्या आजोबांना विचारा. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा १९६२ सालचा प्रचंड गाजलेला चित्रपट त्याच्यावरच आहे. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात लढलेला हा माणूस. त्याला मोटरसायकलचं भयंकर वेड होतं. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळच तो गाडीवरून चालला होता. चढउताराच्या रस्त्यावर अचानक सायकलवरची दोन मुलं समोर आली. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली आणि तो फेकला गेला. मुलं वाचली. लॉरेन्सच्या डोक्याला जबर मार लागला होता. हेल्मेट नव्हतंच, तेव्हा ते फारसं कुणी वापरत नसे. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी गेला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

त्याच्यावर उपचार करायला जे डॉक्टर बोलावले होते, त्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. डोळ्यांसमोर असा माणूस गेला, हे त्यांच्या मनातून जाईना. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं. सैन्यातले निरोपे मोटरसायकलींवरून रात्री-अपरात्री, दिवे मंद करून धावू लागले आणि शत्रूची गोळी न लागताच मरू लागले! केर्न्स यांनी त्यांच्या डोक्यांच्या जखमांचा चिकाटीनं अभ्यास केला आणि १९४१ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रसिद्ध नियतकालिकात लेख लिहिला : हेल्मेट घातलं तर ही माणसं वाचतील. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या नागरिकांना ते सक्तीचं व्हायला मात्र १९७३ उजाडलं. तोवर केर्न्स यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. चांगली गोष्ट पटायला लोक वेळ घेतात, आणि ते काही फक्त आपल्याकडेच नव्हे!

बरं, हेल्मेट करतं तरी काय? बहुतेकांना वाटतं, वरचं कडक कवच डोकं वाचवतं. कवचाचं काम आहेच, पण खरा हिरो आत लपलेला असतो. तो म्हणजे पांढरा थर्माकोल! हो, नव्या टीव्हीच्या खोक्यात असतो तसाच, फक्त जास्त घट्ट.

क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना तुम्ही हात मागे नेता ना? हात ताठ ठेवले तर झिणझिण्या येतात, मागे नेले तर चेंडू अलगद विसावतो. चेंडू तोच आणि वेगही तोच, फक्त थांबायला त्याला जास्त अंतर मिळतं. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर त्याला थांबायला जेमतेम दोन मिलिमीटर मिळतात. थर्माकोल चेपत जाऊन दोन सेंटीमीटर देतो. अंतर दहापट झालं की दणका एक दशांश होतो. आठवी-नववीतल्यांनी गतीची समीकरणं काढून हे ताडून बघायला हरकत नाही.

आणि समीकरणं काढलीच आहेत, तर आणखी एक गणित करा. दीड मीटर उंचीवरून वस्तू सोडली तर जमिनीवर आपटताना तिचा वेग किती? ताशी साधारण १९ ते २० किलोमीटर. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण तेवढ्याच उंचीवर असतं. म्हणजे गाडी नुसती उभी असताना कलंडली तरी डोकं जवळजवळ ताशी वीसच्या वेगानं रस्त्यावर येणार. "इथंच तर जायचंय, कोपऱ्यावर!" या वाक्यात किती दम आहे, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटनं एकदा मोठा दणका खाल्ला, ते बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद. कुणाचं तरी जुनं वापरलेलं हेल्मेट घेऊ नये ते याचसाठी, कारण त्याचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो.

हेल्मेटला विरोध करणारेही पुष्कळ आहेत. पुण्यात तर जानेवारी २०१९ मध्ये सक्तीविरुद्ध मोर्चासुद्धा निघाला होता. (पुणेकर वाचकांनी रागावू नये, हा इतिहास आहे!) मानेला त्रास होतो, हे एक नेहमीचं कारण. जगभरातल्या ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. मानेच्या दुखापती वाढतात, असा पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही.

डोकं झालं. आता ज्यावरून लेखाचं नाव दिलंय, तिकडे वळू. गाजराचा हलवा करताना आईला मदत केली असेल, तर किसणीवर बोट कसं सोलवटतं ते तुम्हाला माहीत आहे. डांबरी रस्ता ही एक लांबच लांब किसणीच आहे, खडी वर आलेली. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारा माणूस पडला की तिथंच थांबत नाही. तो साधारण चौदा मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्याहून जास्त अंतर, घसरत जातो. त्याला लागतात सुमारे दोन सेकंद. मोठ्यानं म्हणून बघा : एक हजार एक, एक हजार दोन. एवढा वेळ किसणी चालू!

इंग्लंडमधल्या केंब्रिजला रॉडरिक वुड्स या संशोधकानं हे मोजायला एक यंत्र बनवलं. त्यात खरखरीत पॉलिशपेपरचा पट्टा ताशी जवळजवळ २९ किलोमीटर वेगानं फिरत असतो आणि त्यावर कपड्याचा तुकडा आदळवून दाबून धरतात. भोक पडायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ सांगतं. या यंत्रावर बेतलेल्या युरोपी मानकात गुडघे, कोपरं, खुबे अशा जागी कापड किमान चार सेकंद टिकावं, अशी अट होती. वरच्या दर्जासाठी तर सात. आपली नेहमीची जीन पँट किती टिकते? एक सेकंदसुद्धा नाही! जीन जाड असते, मजबूत असते, सगळं खरं. पण घसरणं दोन सेकंदांचं आणि जीन एका सेकंदाच्या आतली. उरलेला वेळ किसणीवर कोण असतं, ते मी लिहीत नाही. म्हणून त्या मंडळींची जाकिटं जाड चामड्याची किंवा खास विणलेल्या चिवट धाग्यांची असतात.

त्या जाकिटांत कोपर आणि खांद्यापाशी मऊ रबरासारख्या चकत्या असतात. हात लावला तर इतक्या लवचीक की वाटतं, यांनी काय होणार! यांतल्या काही फार मजेशीर पदार्थाच्या असतात, आणि तशीच गंमत घरी करता येते. वाटीभर कॉर्नफ्लॉवरमध्ये थोडं थोडं पाणी घालून दाट खीर करा. बोट हळूच बुडवा, आत जाईल. आता त्यावरच चापट मारा. हात टण्णकन परत येईल! हळू दाबलं तर मऊ, जोरात आदळलं तर कडक. त्या चकत्या अशाच वागतात. (वाटी नंतर स्वतः धुवायची. ती मऊ होईल म्हणून आईसाठी ठेवायची नाही.)

हातमोज्यांचं बघा. पडताना माणूस पहिल्यांदा काय करतो? हात पुढे टेकतो. कितीही शिकवलं तरी टेकतोच. तळवा रस्त्याला धरून राहिला आणि अंग पुढे गेलं, तर मनगटातलं एक छोटं हाड मोडतं. म्हणून चांगल्या हातमोज्यात तळव्याच्या खालच्या बाजूला गुळगुळीत कडक चकती असते. हात अडकू नये, घसरावा म्हणून. कुठं अडकायचं आणि कुठं घसरायचं, याचा इतका बारीक विचार कुणीतरी केलाय.

आता आपल्या घरच्या गाडीकडे येऊ, कारण तुमच्यातले बहुतेक जण चालवणारे नाहीत, मागे बसणारे आहात. मागच्याचा मोठा शत्रू म्हणजे मागचं चाक. लहान मुलांची टाच चाकाच्या आऱ्यांत जाऊन होणाऱ्या जखमा हाडांच्या डॉक्टरांना चांगल्याच परिचयाच्या आहेत. चप्पल असली की पाय आणखी सहज आत जातो. त्यापेक्षा शाळेचे बूट बरे, आणि पाय पायटेकणीवर पोचत नसतील तर अजून मागे बसायची वेळ आली नाही, असं समजा. ओढणी, साडीचा पदर, दप्तराचा लोंबता पट्टा यांचंही तेच. गाडीच्या डाव्या बाजूला मागच्या चाकावर जी जाळी असते, ती दागिना नव्हे. मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकला जावा, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलंय. गाडी 'स्टायलिश' दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकणारे दादा मला नेहमी चकित करतात.

पालकांसाठी दोन शब्द. "एवढं सगळं घालून उकडतं हो!" खरं आहे. एप्रिलमध्ये सिग्नलला थांबलं की उकडतं, मी नाही म्हणणार नाही. जाळीदार कापडाची जाकिटं मिळतात, गाडी चालू लागली की त्यांतून वारा खेळतो. खर्चाचंही खरं आहे, सगळं एकदम घेणं प्रत्येकाला परवडत नाही. माझ्या मते आधी प्रत्येकाला हेल्मेट, पोरांनासुद्धा. मग बूट, ते बहुधा घरात असतातच. मग हातमोजे, आणि लांबचे प्रवास असतील तर जाकीट. हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरीही रस्त्याच्या कडेला टोपल्यांसारखी रचलेली दिसतात, ती नुसती दिसण्यापुरती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं. चार वर्षांच्या आतल्यांसाठीही २०२२ साली नियम झाले : हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० पेक्षा जास्त वेग नाही.

आता तुमचं काम. आईचा शिवणकामाचा टेप घ्या. भुवयांच्या वर बोटभर अंतर सोडून डोक्याभोवती गुंडाळा आणि सेंटीमीटर मोजा. दुकानात याच मापावर हेल्मेट मागायचं. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, फुगलेल्या माकडासारखे दिसलात तरी चालेल. हनुवटीखालचा पट्टा लावा, त्यात दोनच बोटं जायला हवीत. मग कुणाला तरी हेल्मेट मागून वर उचलून पुढे ढकलायला सांगा. डोक्यावरून निघून आलं तर ते मोठं आहे, बाबांचं असेल!

माप वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा आणि वाढदिवसाला पुन्हा मोजा. आणि हो, पुढच्या आठवड्यात याच पानावर : पहिल्या पावसात रस्ता सगळ्यांत जास्त निसरडा का होतो?