क्रीडांगणाचे दार व आपली दानत

व्यापारी मनुष्यास प्रत्येक गोष्टीचा भाव विचारण्याची सवय असते. त्यामुळे एखाद्या नामांकित गोल्फ क्लबात शिरकाव व्हावा अशी इच्छा घरातील तरुणांनी बोलून दाखविली, की सुभाष रोडवरील पेढ्यांत प्रथम वर्गणीचा आकडा विचारला जातो. आमच्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्न केवळ आकड्याचा नव्हे. अशा ठिकाणी मनुष्य मानाने जातो तो खेळाच्या खऱ्या आवडीने आणि कोणाच्या तरी मनाच्या मोठेपणाने.

आपला धारवाड जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात होता, तेथीलच उदाहरण घ्या. त्या काळी मुंबईच्या शेटजींजवळ द्रव्याची वाण नव्हती. तरीही रॉयल बॉम्बे यॉट क्लबाचे सभासदत्व हिंदी मनुष्यास मिळत नसे. पुढे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७-१८ च्या सुमारास विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला व त्याच्या गोल्फ मैदानावर युरोपियन आणि हिंदी एकत्र खेळू लागले. पैशाने न उघडलेले दार सद्भावाने उघडले. मात्र आज त्याच क्लबात प्रवेश मिळणे अत्यंत दुर्घट झाले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा ‘पापवा’ सेवगोलम हा हिंदी वंशाचा गरीब कॅडी. त्याचा खेळ पाहून ग्रॅहॅम वुल्फ या गोऱ्या उद्योजकाने त्याला युरोपात खेळण्यास साह्य केले. १९५९ साली पापवाने डच ओपन स्पर्धा जिंकली. पुढे १९६३ साली त्याने नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबच्या इमारतीत पाऊल टाकता आले नाही. बक्षीस बाहेर पावसात स्वीकारावे लागले. आपल्याकडे दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. गुणाची वानगी एकदा पुढे आली, की पारखी मनुष्यास अख्ख्या पोत्याची कल्पना येते. पण वानगी पुढे येण्यास कोणीतरी संधी द्यावी लागते.

म्हणून तरुणांस आमचे सांगणे असे, की आधी साध्या मैदानावर खेळ शिकावा, त्याचे नियम व शिष्टाचार अंगी बाणवावेत. आवड खरी असेल, तर एखादा सभासद आपण होऊन पाहुणा म्हणून बोलावतो. अशा वेळी यजमानाचे उपकार स्मरावेत व कॅडीच्या मजुरीत घासाघीस करू नये. देणगी देऊन त्याच हाताने सभासदत्व मागणे हा सौदा झाला. त्यास दान म्हणू नये.

वडीलधाऱ्यांसही एक विनंती आहे. एकेकाळी आपण बंद दाराबाहेर उभे होतो. आज आपल्यापैकी काहीजण आत पोहोचले आहेत. आत गेल्यावर मागे कडी घालणे आपल्या समाजास शोभणार नाही. जो सभासद क्लबची वर्गणी भरील, त्याने तिचा दहावा हिस्सा आपल्या वखारीतील हमालांच्या मुलांच्या खेळासाठी, नावाची पाटी न लावता, बाजूस काढावा. असा ठराव संघाच्या पुढील सभेत यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. सुज्ञ सभासद तिचा विचार करतील, असा भरवसा वाटतो.