अळीला सवय झाली काय?

कपाशीच्या हंगामांत एखाद्या जिनिंगच्या आवारांत किंवा बियाण्यांच्या दुकानीं घटकाभर बसावें, म्हणजे एक वाक्य हटकून कानीं पडतें : ‘अळीला आतां औषधाची सवय झाली.’ वाक्य साधें आहे. बोलणाराचा हेतुही वाईट नसतो. परंतु तें खरें नाहीं, आणि खोट्या निदानावर केलेली चिकित्सा रोग वाढविते. म्हणून आज आम्ही राजकारणाचे नेहमींचे विषय बाजूस ठेवून एका किड्याविषयीं लिहिणार आहों. कापसावर ज्यांचें पोट आहे त्या शेतकऱ्यांनीं, अडत्यांनीं आणि सरकीच्या व्यापाऱ्यांनीं हें चार मिनिटें लक्ष देऊन वाचावें, अशी आमची विनंति आहे.

घडलें तें असें. मातींत सांपडणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचा जीन कपाशींत घालून तयार केलेल्या बीटी बियाण्यास आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली. त्या जीनामुळें झाडांत एक प्रथिन तयार होतें. तें पोटांत गेलें म्हणजे बोंडअळीच्या आंतड्याच्या अस्तरास भोंकें पडून ती मरते. २००६ सालीं अशीं दोन प्रथिनें असलेलें बियाणें आलें. आरंभीं फवारणीचा खर्च उतरला व शेतकरी सुखावला. पण गुजरातेंतील गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनास दाद देत नाहीं, असें २०१० सालीं जाहीर झालें. पुढें चार-पांच वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली. आणि २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत वरून धड दिसणारीं बोंडें फोडून पाहावीं तों आंत डागाळलेला कापूस व किडकी सरकी! त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसें दगावलीं. किड्याचा प्रश्न हा माणसांच्या जिवाचा प्रश्न कसा होतो, हें ह्याहून अधिक स्पष्ट कोणी सांगावें?

आतां ‘सवय’ म्हणजे काय तें पाहूं. रोज अफू खाणारास अफूची सवय होते. कारण तो आज खाऊन उद्यां जिवंत असतो. परंतु जी अळी विष खाऊन मेली तिला सवय व्हावी कशी? आणि जी जगली ती विष पचविण्यास शिकली म्हणून जगली नाहीं. ती जन्मतःच निराळी होती. जीवांत पिढ्यान्‌पिढ्या भेद उत्पन्न होतात. ते संततींत उतरतात. आणि त्या परिस्थितींत ज्यांचा निभाव लागतो त्यांचीच संतति वाढते. चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज पंडितानें १८५९ सालीं मांडलेला नैसर्गिक निवडीचा सिद्धांत थोडक्यांत हाच होय. जीन म्हणजे काय हें डार्विनास ठाऊक नव्हतें. तें ज्ञान मागाहून आलें, आणि त्यानें सिद्धांतास बळकटीच आली. ज्या जीनाच्या योगानें पहिलें प्रथिन अळीच्या आंतड्यास चिकटतें, त्यांतच फेरबदल झालेल्या अळ्या आपल्या देशांतही सांपडल्या आहेत. सारांश, बदलली ती एकटी अळी नव्हे; बदलली ती अळ्यांची सबंध वस्ती.

हिशेबी वाचकांसाठीं उदाहरण घेऊं. प्रत्येक अळीस एक जीन आईकडून व एक बापाकडून मिळतो. ॲरिझोनांतील अभ्यासांत असें आढळलें कीं, पहिल्या प्रथिनास टिकण्यास दोन्हीं जीन बदललेले लागतात. एकच बदललेला असेल तर अळी मरते. समजा, हजार जिनांत एक बदललेला आहे. तर दोन्हीं तसे असलेली अळी दहा लाखांत एक निघेल. सगळीकडे बीटीच पेरलें, तर जगणाऱ्या तेवढ्याच. त्यांचा जोडा एकमेकांशींच जमणार आणि पुढची सर्व प्रजा विषास न जुमानणारी होणार. पण जवळच कांहीं ओळी साध्या कपाशीच्या असल्या, तर तेथें हजारों साधे पतंग जगतात. त्या एका पतंगाचा जोडा त्यांच्याशीं जुळतो, आणि होणारी संतति बीटीवर मरते. साध्या कपाशीच्या ओळी पेराव्यात, असा जो नियम होता त्याचें मर्म हें.

त्या नियमाचें आम्हीं काय केलें? बीटीच्या ४५० ग्रॅमच्या थैलीबरोबर साध्या सरकीचें १२० ग्रॅमचें पाकीट मिळे; तें बहुधा बांधावर फेकलें गेलें. शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. परंतु कायद्याच्या व्यवसायांत इतकें आम्ही शिकलों आहों कीं, ज्या नियमाचा तोटा एकट्याच्या पदरीं व फायदा साऱ्या गांवाच्या पदरीं, तो नियम केवळ कागदावर लिहून पाळला जात नाहीं. कर्जांत बुडालेल्या माणसास ‘किड्यांसाठीं चार ओळी सोड’ असें सांगावयाचें आणि कां सोडावयाच्या हें मात्र सांगावयाचें नाहीं, ही सरकारची व बियाणेंवाल्यांची चूक शेतकऱ्याच्या चुकीहून लहान नव्हे.

हें साधणें अशक्य आहे, असें कोणी म्हणेल तर त्यानें ॲरिझोनाकडे पाहावें. तेथें बीटी कपाशी १९९६ पासून आहे. तेथील शेतकऱ्यांनीं साध्या कपाशीचा नियम पाळला, २००६ पासून नपुंसक केलेले पतंग सोडण्याची मोहीम चालविली, आणि २०१८ सालीं अमेरिकेचा कापूस-मुलूख गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. कीड तीच, प्रथिनही त्याच जातीचें. फरक पडला तो संघटित वर्तनाचा.

आपल्याकडे प्रतिकार पसरून चुकल्यामुळें आतां केवळ चार ओळींनीं काम भागणार नाहीं. गुलाबी अळीचें मुख्य अन्न कपाशीच. म्हणून तिची उपासमार करणें हाच मोठा उपाय. गांवानें एकमतानें वेळेवर पेरणी करावी, डिसेंबरअखेर पीक मोडावें, फरदडीचा मोह सोडावा, पऱ्हाट्या शेतांत ठेवूं नयेत, कामगंध सापळे लावावे. व्यापाऱ्यांसही आमचें सांगणें आहे : किडक्या सरकींत अळी सुप्तावस्थेंत राहते, तुमच्या आवारांतील ढीग हेंच पुढील हंगामाचें तिचें माहेर. तो ढीग उन्हाळ्यापूर्वीं हलविणें हा परोपकार नव्हे, तुमच्याच धंद्याचा विमा आहे. आणि ‘याहून जालीम औषध न्या’ हा दुकानांतील उपदेश तर रोग रेड्यास व औषध पखालीस असा आहे. जालीम औषधही तीच निवड पुन्हां करील.

उद्यां तिसरें, चौथें प्रथिन येईल. निसर्गाचा कायदा त्यासही लागू आहे, आणि त्या कायद्यास ना तहकुबी आहे ना अपील. जें राष्ट्र तो समजून घेईल त्याचा कापूस घरीं येईल. जें ‘सवय झाली’ म्हणून स्वस्थ बसेल तें दर दहा वर्षांनीं नवें बियाणें विकत घेईल आणि किडके बोंड मोजीत बसेल. यांपैकीं काय पत्करावयाचें, हें ठरविणें अजून आपल्याच हातीं आहे.