मधल्या सुट्टीतला दोस्त



आठवीतल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही. वडिलांची बदली झाली, अर्ध्या वर्षात शाळा बदलली. नव्या वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. मधल्या सुट्टीत ही एकटीच बाकावर बसते आणि गोष्टीचं पुस्तक उघडते. आई म्हणते, "सारखं पुस्तकात तोंड खुपसून बसलीस तर मैत्रिणी मिळणार कशा?" पत्राच्या शेवटी प्रश्न आहे : मी पळपुटी आहे का?

अगं, तू पळपुटी तर मीही पळपुटा! सहावीत माझंही अस्संच झालं होतं. नव्या गावातली मुलं माझ्या बोलण्याला हसायची. मग मी बोलणंच बंद केलं. तेव्हा भेटला बनेश फेणे. हो, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, अंगाने काडी पैलवान, पण जिथे तिथे नाक खुपसायची खोड दांडगी. त्याचं ते 'ट्टॉक्' मी आरशासमोर किती वेळा करून पाहिलं! नाही जमलं ते नाहीच. पण मधल्या सुट्टीत मी त्या मैदानावर नसायचोच मुळी. त्याच्या सायकलमागे धावत असायचो.

हे पळणं झालं का? झालं की, खोटं कशाला बोलू? पण घंटा झाली की पुस्तक मिटून त्याच वर्गात बसावं लागायचं. ती आपली अर्ध्या तासाची रजा.

सहावी तशीच गेली. सातवीत शेजारच्या बाकावरच्याने विचारलं, "ते ट्टॉक् ट्टॉक् काय करतोस रे?" मी पुस्तकच दिलं. पठ्ठ्याने महिनाभर ठेवून घेतलं आणि परत दिलं ते कव्हर फाडून. कडाकडा भांडलो. त्या शाळेतला माझा पहिला मित्र तो!

तुला मात्र मी दुसऱ्याच एका मुलाशी गाठ घालून देणार आहे. लंपन. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला. पुस्तक आलं १९९४ साली, तेव्हा मी चांगला मोठा होतो. लंपन आईबाबांपासून लांब, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. आईची आठवण येते, ती सांगता येत नाही. वाचता वाचता मी थबकलो. सहावीत माझ्या पोटात जे कालवायचं, त्याला माझ्याकडे शब्दच नव्हता. इतक्या वर्षांनी तो या पोराने दिला. मैदानावरचा दोस्त असलं काही कबूल करेल का? शक्यच नाही!

आणि आई, हे सदर तुम्हीही वाचता, ठाऊक आहे मला. पुस्तक काढून घेऊ नका, त्यात पुढे काय झालं ते विचारा. डबा तसाच परत येत असेल, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखत असेल, तर मात्र तिला जवळ घेऊन बसा आणि वर्गशिक्षकांना भेटा. ते दुखणं पुस्तकाचं नव्हे.

'वनवास' लायब्ररीत कुणी नेलेलं असलं, तर 'शारदा संगीत' आधी आण. तिथेही लंपनच आहे. वाचून झालं की कळव हं!