किनाऱ्यावर पट्टा हवाच



घरात कुत्रा असेल तर अधूनमधून त्याला समुद्रावर न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी महागडं रिसॉर्ट लागत नाही. गुहागरची लांबच लांब पुळण, सकाळची ओहोटी, डब्यात दहीभात आणि गाळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, एवढ्यावर आमचा मोती खूश असतो. लाट आली की मागे सरतो, परतली की तिच्यावर भुंकतो.

पण त्याला तिथे मोकळं सोडायचं का, यावर आमच्या घरात दरवेळी वाद होतो. सासूबाई म्हणतात, "मुक्या जिवाला बांधणं हा दोषच." त्यांचं म्हणणं निराधार नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला 'बंध'च आहे. तरी मला वाटतं, आपल्या सोयीसाठी दिवसभर गॅलरीत साखळीला अडकवून ठेवणं हा खरा बंध. किनाऱ्यावरचा लांब पट्टा ही राखण आहे, त्याचीही आणि इतरांचीही.

कारण पुळण रिकामी दिसते, पण असते भरलेली. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, आंजर्ले, गुहागर या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. कुत्र्याला वास लागला की तो काही क्षणांत घरटं उकरतो. म्हणूनच वेळासला गावकरी आणि स्वयंसेवक ही अंडी कुंपण घालून जपतात. पाण्याच्या कडेला टिपणारे छोटे पक्षीही थंडीत फार दुरून आलेले असतात. आपल्या कुत्र्याला पाठलागाची गंमत वाटते, पण त्यांची खाण्याची आणि विसाव्याची वेळ त्यात जाते.

शिवाय पट्टा त्याच्याही भल्याचा आहे. वाळूवर पडलेला केंड मासा विषारी असतो, तोंडात गेला तर जिवावर बेतू शकतं. खारं पाणी प्यायल्याने उलट्या-जुलाब होतात, म्हणून तहान लागण्याआधीच आपल्याजवळचं पाणी पाजावं. उन्हात वाळू तापते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पंजेही भाजणारच. निघताना गोड्या पाण्याने पाय धुवावेत आणि त्याची घाण आपणच पिशवीत उचलून आणावी.

कुणी म्हणेल, एवढे नियम पाळायचे तर मजा कसली? मोतीला विचारा. पंधरा फुटांच्या पट्ट्यातही त्याला वाळू हुंगायची असते, लोळायचं असतं, ओलं अंग आपल्याच साडीवर झटकायचं असतं. त्याला हवी असते आपली सोबत आणि थोडी सवड. ती भरपूर द्या. एकाच्या लाडापायी शंभर जिवांचं घर मोडू नये, एवढंच माझं म्हणणं.