कपाटातल्या कॅसेटी

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांत कॅमकॉर्डर आला. कोकणात तर तो बहुधा आखातातून सुट्टीवर आलेल्या मामूंच्या नाहीतर चाचांच्या बॅगेतूनच आला. निकाह, अकिका, ईदची सकाळ, हजला निघालेल्या दादा-दादींचा निरोप हे सगळे त्यात भरले गेले. पुढे मोबाइल आला, कॅमेरा बिघडला आणि कॅसेटी कपाटात गेल्या.

या कॅसेटींकडे याच वर्षी पाहा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. चुंबकीय फीत नुसती ठेवूनही खराब होते. दमट हवेत तिला बुरशी लागते, रंग विटतात, आवाज खरखरतो. ती वाचणारी यंत्रेही संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, त्यानंतर नवे यंत्र मिळेनासे झाले.

आधी कॅसेट ओळखा. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असेल तर ती मिनी-डीव्ही. गाण्याच्या कॅसेटएवढी, पण जाड असेल तर व्हिडिओ-८ किंवा हाय-८. पुस्तकाएवढी असेल तर व्हीएचएस. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती यंत्रात घालू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर मागचे रेकॉर्डिंगचे बटण बंद करा किंवा चकती तोडा, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या.

हाय-८ आणि व्हीएचएससाठी पिवळी, पांढरी आणि लाल वायर लागते. पिवळीतून चित्र येते, बाकी दोन्हींतून आवाज. मध्ये यूएसबीचे छोटे कॅप्चर यंत्र लावले की ते कॉम्प्युटरमध्ये उतरते. मिनी-डीव्हीसाठी फायरवायरची वायर उत्तम, मात्र ती लावायची जागा जुन्या कॉम्प्युटरवरच मिळते. घाई चालत नाही, एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो.

मिनी-डीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी होतो आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावते. म्हणून डिस्कवर येते ती दाबून लहान केलेली प्रत. टीव्हीवर पाहायला ती पुरेशी आहे, पण मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवाच. दुसरी प्रत दुसऱ्या घरी, एखाद्या बहिणीकडे असू द्या. घरी लिहिलेली डिस्कही कायमची नसते. आणि काम झाले म्हणून कॅसेट फेकू नका.

आता नाजूक गोष्ट. आपल्या कॅसेटींत जनान्यातले चित्रण असते. मेंदीच्या रात्री भगिनींनी ते घरच्या कॅमेऱ्यासमोर, घरच्यांच्या भरवशावर होऊ दिले. ती अमानत आहे. बाजारात दहा कॅसेटी देऊन आठवड्याने आणायला जाणे बरे नव्हे. जमेल तर काम घरीच करा. शाळेतल्या आमच्या आठवी-नववीच्या मुली हे सहज शिकतात. दुकानातच द्यावे लागले तर समोर बसून करून घ्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरमधली प्रत पुसून घ्या. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधीही ज्या बाया त्यात दिसतात त्यांना विचारा. पंचवीस वर्षांपूर्वीची नवरी आज सासू असेल, तिचा शब्द शेवटचा.

एवढे झाले की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला टीव्हीसमोर बसवा आणि हातात वही घ्या. तो कोपऱ्यात शेरवानी घातलेला कोण, भांड्याशी उभी असलेली ती खाला कोणाच्या नात्यातली, हे त्यांनाच ठाऊक असते. कितव्या मिनिटाला कोण आहे ते लिहून घ्या, साल घाला आणि वही डिस्कबरोबर ठेवा. फीत वाचवणारा कारागीर पुढच्या वर्षीही सापडेल. चेहरे ओळखणारी नानी मात्र आज आपल्यात आहे, तिला आजच विचारा.